तीन दगडांवर पाय? मला नाही वाटत

कुणीतरी लिहिलंय की पत्रकारिता, कॉलेजातलं शिकवणं आणि लोकसंगीत असे तीन दगडांवर पाय ठेवले की एकही काम धड होत नाही. गोव्यापुरतं तरी हे पटत नाही. फोंड्याकडचे आमचे सर सकाळी वर्गात, संध्याकाळी वर्तमानपत्राच्या डेस्कवर आणि गणेश चवथीत घुमट (चामडं लावलेलं मातीचं वाद्य) गळ्यात! (झोपायचे कधी, देव जाणे.)

एकदा घुमट वर्गातच आणलं. पावसाळी हवेने चामडं ढिलं पडलेलं, म्हणून आधी खिडकीतल्या उन्हात शेकलं. मग मातीच्या त्या भांड्याचं बारकं तोंड डाव्या तळव्याने झाकत-उघडत उजव्या हाताने वाजवून दाखवलं. तळवा सुटला की आवाज कसा फुगतो, ते तेव्हा कळलं. पूर्वी त्यावर घोरपडीचं चामडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बेकायदा ठरलं, आता बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हा बातम्या भरपूर आल्या, पण चामड्याची ही अडचण थोड्याच जणांनी मांडली. सरांनी मांडली, कारण ते स्वतः वाजवत होते.

धालो म्हणजे बायकांची लोकगीतं-नाच; त्याच्या मांडावर, म्हणजे तो होतो त्या अंगणात, सर वही काढून बसले, तर एक आजी म्हणाली, "पुता, आदीं आयक, मागीर बरय." (पोरा, आधी ऐक, मग लिही.) वार्ताहराची घाई तिथेच गळाली, असं ते सांगत. आम्हालाही मग गाणी आधी ऐकायला लावायचे, टिपणं नंतर.