बॅटरी उतरते: आधी मीटर, की आधी ऑल्टरनेटर खाली?

मूळ मांडणी

जुन्या गाडीची बॅटरी वारंवार उतरू लागली की आपल्याकडे उपचारांचा क्रम ठरलेला असतो. आधी धक्का, मग नवी बॅटरी आणि तीही उतरली की ऑल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी भरणारा भाग) खोलायला. मधल्या काळात कोणीतरी इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून पाहतो. गाडी चालू राहिली तर चार्जिंग ठीक, बंद पडली तर ऑल्टरनेटर गेला, असा निकाल जागेवर लागतो. ही परीक्षा बंद व्हावी, आणि मीटर (मल्टिमीटर) लावल्याखेरीज एकही भाग बदलू नये, असे माझे मत आहे.

कार्ब्युरेटरच्या गाडीला नुसते चालू राहण्यासाठी इग्निशनपुरते तीन-चार अँपिअर पुरतात, आणि एखादा डायोड (एसीची डीसी करणारा भाग) गेलेला ऑल्टरनेटरही तेवढे सहज देतो. पावसाळी रात्री हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकदम चालू झाले, मागणी पंचवीस अँपिअरच्या घरात गेली, की तोच ऑल्टरनेटर कमी पडतो. शिवाय भरात चार्ज करत असलेल्या ऑल्टरनेटरपासून बॅटरी अचानक तोडली तर व्होल्टेज क्षणभर कितीतरी पटींनी उसळते, त्यात धडधाकट डायोड आणि रेग्युलेटरही (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) जातात.

मीटरने करायचे काम फार नाही. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे ती जवळपास निम्मी रिकामी आहे. इंजिन चालू केल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसावेत, आणि हेडलाइट व ब्लोअर लावून वेग थोडा वाढवला तरी आकडा १३.५ च्या खाली जाऊ नये. गेला, तर तेवढ्यावरून ऑल्टरनेटरला दोषी धरू नये. सगळा भार चालू ठेवूनच मीटरची एक पिन ऑल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर धरावी. तेथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर वायर किंवा जोड वीज खात आहे. मग ऑल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यामध्ये तेच करावे, तेथे ०.२ च्या वर चालणार नाही.

आमच्या शेजाऱ्यांच्या १९९७ च्या मारुती ८०० मध्ये नेमके येथेच १.१ व्होल्ट सापडले. ऑल्टरनेटर १४.३ देत होता आणि बॅटरीपर्यंत १३.२ पोहोचत होते. इंजिनची अर्थिंगची पट्टी सोडवली तेव्हा बोल्टखाली हिरवट-पांढरा थर जमलेला होता आणि खालचा पत्रा गंजून खडबडीत झाला होता. पॉलिश पेपरने जागा चकचकीत केली, वरून व्हॅसलीन लावले आणि काम संपले. त्याआधी दोन बॅटऱ्या विकत घेऊन झाल्या होत्या.

प्रतिसाद, सांगलीहून

मी ऑटो इलेक्ट्रिकचे काम करतो आणि मला ही मांडणी एकांगी वाटते. व्होल्टवर लावलेला मीटर फक्त व्होल्ट दाखवतो, बॅटरीत प्रत्यक्ष किती प्रवाह चालला आहे ते दाखवत नाही. प्लेटांवर सल्फेटचा थर धरून निकामी होत आलेल्या बॅटरीचे व्होल्टेज चार्जिंगला लावताच १४.४ वर चढते, मालक समाधानाने घरी जातो आणि सकाळी सेल्फ एकदा कण्हून गप्प होतो. म्हणून मी आधी सेल्फ मारताना बॅटरी किती खाली येते ते पाहतो; ९.६ च्या खाली आली तर बाकीचे आकडे माझ्या दृष्टीने निरर्थक आहेत.

ऑल्टरनेटर खाली उतरवण्याचीही आपण उगाच बदनामी केली आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ब्रश) झिजलेले असतात आणि ते ज्यावर घासतात त्या स्लिप रिंगवर खाचा पडलेल्या असतात. गाडी गरम झाल्यावरच चार्जिंग सोडणारा रेग्युलेटर तर अंगणातल्या पाच मिनिटांच्या मोजणीत कधीच सापडत नाही. राहिली टर्मिनल काढण्याची गोष्ट. ती डायनामोच्या, म्हणजे ऑल्टरनेटरच्या आधी गाड्यांत असलेल्या जनित्राच्या, काळातली आहे. डायनामोच्या जुन्या अँबॅसिडरमध्ये जाण्यासारखे डायोड नव्हतेच, त्यामुळे तेथे ती वापरणारे कारागीर अडाणी नव्हते.

धागाकर्त्याचे उत्तर

सल्फेटचा मुद्दा मान्य आहे, पण त्यातून निघतो तो इतकाच अर्थ की बॅटरी आधी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरावी आणि मगच गाडीची परीक्षा घ्यावी. डायनामोबाबत मात्र मी असहमत आहे. आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) डायनामो पुरेसे व्होल्टेज देत नाही, म्हणून कट-आउट हा आपोआप चालणारा स्विच त्याला बॅटरीपासून वेगळे ठेवतो. त्या वेळी टर्मिनल काढले तर उत्तम डायनामोची गाडीही बंद पडणार. म्हणजे ऑल्टरनेटरच्या गाडीत ही परीक्षा नापासाला पास करते आणि डायनामोच्या गाडीत पासाला नापास.

प्रतिसाद, ठाण्याहून

आपले दोघांचेही म्हणणे शास्त्रशुद्ध असेल. मला मात्र सोमवारी सकाळी कामावर पोहोचायचे असते. अर्धा दिवस पिना टेकवत बसण्यापेक्षा रिकंडिशन केलेला ऑल्टरनेटर आणि नवी बॅटरी एकदमच टाकणे मला परवडते. जुन्या गाडीला याहून जास्त वेळ देणे हा छंद झाला, व्यवहार नव्हे.

प्रतिसाद, नागपूरहून

हा व्यवहार ठाणेकरांना महागात पडेल. ऑल्टरनेटर निर्दोष असूनही बॅटरी उतरू शकते. गाडी बंद असताना ५० मिलीअँपिअरपर्यंतची गळती चालते; पण मागाहून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमची वायर चावीवरून न घेता थेट बॅटरीवरून घेतली असेल, तर ती सहज २०० पर्यंत जाते. ३५ अँपिअर-अवरची नवी बॅटरीही त्यात आठवडाभरात संपते आणि उभ्या गाडीत नवा ऑल्टरनेटर काहीही करू शकत नाही. निगेटिव्हच्या वाटेत मीटर अँपिअरवर ठेवून लावला आणि एकेक फ्यूज काढत गेले की चोर सापडतो.

प्रतिसाद, सांगलीहून

ठाणेकरांना एक सूचना आहे. रिकंडिशन केलेल्या मालात बऱ्याचदा स्वस्त डायोड प्लेट असते, म्हणून दुकान सोडण्यापूर्वी गाडी चालू ठेवून, मीटर एसीवर करून बॅटरीवर धरावा; अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर माल परत द्यावा. डायनामोबद्दल धागाकर्त्यांचे म्हणणे आयडलपुरते खरे आहे. जुने लोक अॅक्सिलरेटर दाबून धरल्यावरच टर्मिनल काढत असत. ऑल्टरनेटरच्या गाडीला मीही तसे करत नाही. मात्र भार लावलेल्या मोजणीत आकडा पडला आणि वायरी व अर्थिंग चोख निघाली, तर त्यापुढे ऑल्टरनेटर बाकावर घेऊन खोलण्याला पर्याय नाही, आणि ते काम गिऱ्हाईक समोर बसवूनच करावे.