मदत हवी आहे: सिम्बायोंट प्लेटवर येत नाही, मीडियम सुचवा (तातडीचं)

धनश्री_मायक्रो
नमस्कार मंडळी. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी, शेवटचं सेमिस्टर. प्रोजेक्टमध्ये किड्याच्या शरीरातला सिम्बायोंट (त्याच्यासोबत राहणारा सहजीवी जीवाणू) आयसोलेट करायचाय, म्हणजे वेगळा काढून वाढवायचाय. किडे धुऊन, चिरडून प्लेटवर टाकले की दर वेळी त्याच पांढरट, कोरड्या, सुरकुतलेल्या कॉलन्या येतात आणि रात्रीतून अर्धी प्लेट व्यापतात. जो हवाय तो येतच नाही. पेपरांत तर लिहिलंय की एका किड्यात लाखोंनी असतात. मग जातात कुठे? पुढच्या आठवड्यात प्रेझेंटेशन आहे आणि गाईड म्हणतात "मीडियम बदलून बघ". कोणतं मीडियम (जीवाणू वाढवायचं खाद्य), एवढंच सांगा. थिअरी नको, ती वाचून झालीय.

खडूस_अगार
कोणता किडा? कोणता सिम्बायोंट? आत्ता कोणतं मीडियम आहे? धुतले म्हणजे कशाने? ग्रॅम स्टेन (जीवाणूंचे दोन गट ओळखायची रंगचाचणी) केलंस का? किड्यांच्या नोंदलेल्या जातीच दहा लाखांच्या घरात आहेत, आम्ही कोणती धरायची?

ताकपिठ्या
विषय छान आहे. आपल्या शरीरात आपल्या पेशींच्या दहापट जीवाणू असतात हे किती जणांना माहीत आहे? मला कित्येक वर्षं पोटाचा त्रास होता. रोज जेवणानंतर घरच्या विरजणाचं ताक सुरू केलं आणि गोळ्या सुटल्या. तुमच्या प्रोजेक्टमध्ये ताकाचा मुद्दा जरूर घ्या.

धनश्री_मायक्रो
@खडूस मावा. अजून कोणता असणार? न्यूट्रिएंट अगार. ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून मग स्टराइल पाण्यात. ग्रॅम पॉझिटिव्ह दांडके दिसतात.
@ताकपिठ्या धन्यवाद, पण तो प्रश्न नाहीये.

अण्णा_बागायतदार
ताई, मावा कोणत्या पिकावर आलाय ते लिहा, तसं औषध सांगता येईल. आमच्याकडं भेंडीला येतो. ५ टक्के निंबोळी अर्क घ्या, पानाच्या खालच्या अंगाला बसला पाहिजे. उन्हात मारू नका, सकाळी नाहीतर दिवस कलल्यावर. पिवळे चिकट सापळे लावा. युरिया जास्त टाकला असेल तर आधी तो बंद करा, कोवळा लुसलुशीत पाला मिळाला की मावा हटत नाही.

धनश्री_मायक्रो
काका, मला मावा मारायचा नाहीये, मला त्याच्या आतला जीवाणू हवाय. हॉस्टेलमागच्या रुईवरचा आहे. पिवळाधमक, काळ्या पायांचा.

खडूस_अगार
म्हणजे एफिस नेरी. हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंस तर अण्णांचा निंबोळी अर्क वाचला असता. त्यातला मुख्य सिम्बायोंट बुखनेरा. तो ग्रॅम निगेटिव्ह आणि गोलसर. तुझे दांडके ग्रॅम पॉझिटिव्ह, कॉलनी कोरडी सुरकुतलेली. त्यात स्पोअर (जीवाणूचं टणक, सुप्त रूप) दिसले तर बॅसिलस समज, रुईच्या पानावरच्या धुळीतून आलेला. अल्कोहोल स्पोअर मारत नाही. शेवटच्या धुण्याचं पाणी प्लेटवर टाकून बघितलंस का?

धनश्री_मायक्रो
बघितलं. त्यावरही त्याच कॉलन्या येतात. गाईड म्हणाले थोडंफार चालतं. प्लीज मीडियम सांगा ना.

खडूस_अगार
चालत नाही. धुण्याच्या पाण्यात आणि किड्याच्या लगद्यात एकच कॉलनी येत असेल तर ती किड्याच्या आतली आहे असं कुणी मान्य करणार नाही. एक्स्टर्नल परीक्षकाने पहिला प्रश्न हाच विचारला तर काय सांगशील?

मृद्गंध_कीटक
मीडियम सांगत नाही, कारण बुखनेरासाठी ते नाहीच. त्याला १९९१ साली नाव मिळालं तेही प्लेटवर न वाढवता, १६एस या जीवाणू ओळखायच्या जनुकाच्या वाचनावरून. थिअरी नको म्हणालात, पण तुमचं घोडं तिथेच अडलंय.

मावा झाडाच्या अन्नरसावर जगतो. त्यात साखर भरपूर, पण आवश्यक अमिनो आम्लं नाममात्र. ती बुखनेरा बनवून देतो. मोबदल्यात तो माव्याच्या खास मोठ्या पेशींच्या आत, बॅक्टेरिओसाइटमध्ये, राहतो आणि आईच्या पोटातच पुढच्या पिढीत जातो. हा १६ ते २८ कोटी वर्षांचा घरजावई आहे, वेगळं बिऱ्हाड करण्याची त्याची ऐपत राहिलेली नाही. २००० साली जपानी गटाने वाटाण्यावरच्या माव्यातल्या बुखनेराचा जीनोम (सगळा डीएनए) वाचला, तो भरला ६ लाख ४० हजार बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा. ई. कोलाय या नेहमीच्या जीवाणूचा ४६ लाखांच्या आसपास असतो. स्वतःच्या पेशीपटलाचे फॉस्फोलिपिड (स्निग्ध घटक) बनवायची जनुकंसुद्धा त्याने गमावली आहेत. न्यूट्रिएंट अगार काय आणि ब्लड अगार काय, त्याला सारखंच.

आता जमेल ते. हायपोक्लोराइट वापरून नीट धुतलेल्या माव्यांचा डीएनए काढा, नेहमीच्या १६एस प्रायमरने पीसीआर करून (तेवढाच डीएनए वाढवून) सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनए वाचायला, पाठवा. माव्यात बुखनेराच इतका जास्त असतो की बहुतेक तोच वाचला जाईल. सोबत एक मावा सलाइनच्या थेंबात सुईने फोडून स्लाइडवर बघा. मोठ्या गोल पेशींचा पुंजका दिसेल. एक पेशी दाबून गीम्सा रंग दिला की आत खच्चून भरलेले गोलसर जीवाणू दिसतात. फोटो काढून ठेवा, प्रेझेंटेशनला उपयोगी पडेल.

निशाचर२
"सिम्बायोंट प्लेटवर येतच नाहीत" असा समज होऊ नये म्हणून लिहितोय. काळ्या माव्यातून सेराशिया सिम्बायोटिका या जीवाणूची एक स्ट्रेन (वाण) बेल्जियममध्ये कल्चर झाली आहे, २०११ ला प्रसिद्ध झालं. त्सेत्से माशीतला सोडालिसही वाढवता येतो. प्रयत्न सोडू नये.

मृद्गंध_कीटक
@निशाचर२ मी बुखनेराबद्दल बोलतेय. सेराशिया दुय्यम सिम्बायोंट, सगळ्या माव्यांत असतोच असं नाही, रुईवरच्यात मिळेल याची हमी कोण देणार? आणि ती स्ट्रेन थेट प्लेटवर उगवली नाही, आधी डासाच्या पेशींच्या कल्चरमध्ये वाढवावी लागली. हातात आठवडा असलेल्या मुलीला हा रस्ता दाखवू नका.

निशाचर२
रस्ता दाखवला नाही, विधान दुरुस्त केलं. असो.

अण्णा_बागायतदार
मृद्गंध ताई, एक शंका. मावा त्या जीवाणूशिवाय जगत नाही म्हणता, मग जीवाणूच मारायचं औषध का काढत नाहीत? डाळिंबाच्या तेल्या रोगाला आम्ही पूर्वी स्ट्रेप्टोसायक्लिन हे अँटिबायोटिक मारायचोच की.

मृद्गंध_कीटक
अण्णा, शंका अगदी रास्त आहे. प्रयोगशाळेत अँटिबायोटिक दिलेला मावा खुरटतो आणि त्याला पिल्लं होत नाहीत किंवा अगदी थोडी होतात. पण तेच शेतभर फवारलं तर मातीतले आणि माणसाचे जंतूही त्या औषधाला सरावतात, मग दवाखान्यात ते चालत नाही. उलटा प्रकारही घडतो. जपानमध्ये शेंगांवरच्या एका ढेकणाबद्दल २०१२ साली आलं होतं. तो दर पिढीत आपला जीवाणू मातीतून उचलतो. फेनिट्रोथिऑन हे कीटकनाशक पचवणारा जीवाणू वाट्याला आला की ढेकूणही त्या औषधाला दाद देत नाही, आणि एकच औषध सारखं मारलेल्या मातीत असे जीवाणू वाढतात.

अण्णा_बागायतदार
म्हणजे दुकानदार म्हणतो औषध भेसळीचं निघालं आणि खरी गंमत मातीत. दर वेळी तसंच असेल असं नाही, पण ध्यानात ठेवतो.

ताकपिठ्या
माझ्या मुद्द्याला कुणी हात लावला नाही. दहापट जीवाणू आपल्या पोटात आणि आपण अभ्यास करतोय माव्याचा!

खडूस_अगार
दहापट हा जुना अंदाज आहे. २०१६ साली नवा हिशोब आला: साधारण ३८ लाख कोटी जीवाणू आणि ३० लाख कोटी मानवी पेशी. जवळजवळ बरोबरीच. ताकातले जीवाणू बहुतेक वाटसरू असतात, ताक बंद केलं की काही दिवसांत दिसेनासे होतात. ताक प्या, मीही पितो, पण धागा कशाचा आहे ते बघा.

ताकपिठ्या
अनुभवापुढे तुमचे पेपर काय करणार?

धनश्री_मायक्रो
भांडू नका हो. पीसीआर कॉलेजमध्ये आहे पण सिक्वेन्सिंग बाहेर द्यावं लागेल, रिपोर्ट वेळेत येईल का माहीत नाही. आणि प्रोजेक्टचं नाव "कीटक व मानवी आतड्यातील सहजीवी जीवाणूंचा तुलनात्मक अभ्यास" असं आहे. मानवी भागासाठी मैत्रिणींचे स्टूल सॅम्पल घ्यायचं ठरलंय.

खडूस_अगार
हे आत्ता सांगतेयस?

मृद्गंध_कीटक
मग माणसाचा भाग आधी थांबवा. मैत्रिणी तयार असल्या तरी मानवी नमुन्याला कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी आणि प्रत्येकीची लेखी संमती लागते.

शिवाय माव्याशी तुलनाच जुळत नाही. बुखनेरा पेशीच्या आत असतो आणि आईकडून थेट येतो. आपल्या आतड्यातले पेशीबाहेर पोकळीत राहतात, जन्मताना आणि जन्मानंतर बाहेरून येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना ऑक्सिजन सोसत नाही.

निशाचर२
वाळवी घ्या. लाकूड पचवणारे सगळे तिच्या आतड्यात.

मृद्गंध_कीटक
आपल्याकडे वारूळ करणारी वाळवी बहुतेक ओडोन्टोटर्मिस असते, ती बुरशीची बाग लावते. पुस्तकातले आतड्यातले प्रोटोझोआ (एकपेशीय जीव) तिच्यात नसतात. दाखवायला काढले आणि निघालेच नाहीत तर पंचाईत.

खडूस_अगार
झुरळ घे. मोठं, लाल, पेरिप्लानेटा. एकाच किड्यात दोन्ही प्रकार मिळतात. पोट उघडलं की आतड्याभोवती पांढरी फॅट बॉडी दिसते, तिच्या पेशींत ब्लाटाबॅक्टेरियम नावाचा जीवाणू. तोही बुखनेरासारखा प्लेटवर न येणारा, जीनोमही जवळपास तेवढाच, २००९ ला वाचला गेला. टाकाऊ नत्रातून अमिनो आम्लं बनवतो. आणि मागच्या आतड्यात, म्हणजे हाइंडगटमध्ये, पोकळीत राहणारी मिश्र वस्ती. तिच्यात बॅक्टेरॉइडीट्स आणि फर्मिक्यूट्स आहेत, माणसाच्या आतड्यातही हेच दोन मोठे गट. म्हणजे माणसाशी तुलना हाइंडगटची, आणि ती छापील माहितीवरून कर. फॅट बॉडीचा स्मिअर (काचेवर पसरलेला थर), हाइंडगटचं कल्चर, माव्याची स्लाइड. आठवड्यात एवढं होतं.

मृद्गंध_कीटक
+१. हे मला सुचायला हवं होतं.

धनश्री_मायक्रो
गाईडना विचारलं, झुरळाला हो म्हणाले, नाव तेच ठेव म्हणाले. पण ॲनेरोबिक जार (ऑक्सिजन काढलेला डबा) बिघडलाय. कँडल जार (आत मेणबत्ती पेटवून बंद केलेला) चालेल का? आणि झुरळं मेसमधली घेऊ?

खडूस_अगार
कँडल जारमध्ये ऑक्सिजन कमी होतो, संपत नाही. थायोग्लायकोलेट ब्रॉथ (तळाशी ऑक्सिजन न उरणारं द्रव मीडियम) कर, उकळून लगेच थंड कर, न हलवता नमुना तळाशी टोच. वर एक आणि तळाशी वेगळंच काहीतरी वाढलेलं दिसलं तर तेच दाखवायचं. मेसमधली नको, तिथे पेस्ट कंट्रोल होतं. ड्रेनेजच्या झाकणाखालची रात्री पकड, बर्फावर ठेवून सुस्त कर, मग उघड. आणि धुण्याच्या पाण्याची प्लेट या वेळी वेगळी लेबल लावून ठेव.

अण्णा_बागायतदार
ताई, झुरळं पाहिजे असतील तर आमच्या गोठ्यामागं पोत्यानं आहेत. रच्याकने, मिरचीवरच्या पांढऱ्या माशीत पण असा जीवाणू असतो का?

मृद्गंध_कीटक
असतो अण्णा, पोर्टिएरा नावाचा. त्याचा वेगळा धागा काढा, इथे नको.