भावली धरणापलीकडचा धबधबा रस्त्यावरूनच बघायचाय, कधी जावं?

गंगापूररोडकर: आई-बाबांना फार चालवत नाही. इगतपुरीजवळ भावलीच्या पाण्यापलीकडे कड्यावरून कोसळणारा मोठा धबधबा त्यांना गाडीजवळूनच दाखवायचा आहे. कोणते दिवस बरे? आणि मोबाइलवर पाण्याचा नुसता पांढरा पट्टा येतो, तो कसा टाळायचा?

घाटमाथा: नाशिकचं आभाळ बघून ठरवू नका. शहरात वर्षाला 700 मिमीच्या आसपास पाऊस, इगतपुरीत 3000 च्या वर. जून टाळा. सुरुवातीचं पाणी जमिनीतच मुरतं आणि धरण खाली असल्यामुळे समोर चिखलाचा काठ दिसतो. जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टअखेर उत्तम.

खरी मेख ढगांची आहे. मुसळधार चालू असताना धबधबा सगळ्यात मोठा, पण ढग कड्याखाली उतरलेले, दिसत काहीच नाही. उघडीप लांबली की धार बारीक, कारण माथ्यावरचं पाणलोट लहान आणि बेसॉल्ट (इथला काळा खडक) पाणी फारसं धरून ठेवत नाही. म्हणून रात्रभर कोसळून सकाळी उघडलेला दिवस पकडा. समोर पांढरंफटक असलं तरी लगेच परतू नका. ढग पाच-दहा मिनिटं वर सरकतात, तेवढ्यात कडा वरपासून खालपर्यंत मोकळा होतो. 8x42 दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) न्या. 10x म्हणजे दहापटवाली हातात हलते, वयस्कर माणसांना त्रास होतो.

दारणाकाठ: शनिवार-रविवार नको, गर्दी होते आणि कधीकधी बंदीचे आदेशही असतात. सकाळी सहाला नाशिक सोडा. रस्ता अरुंद आहे. वळणावर थांबू नका आणि चाकं कडेच्या मातीत उतरवू नका, ओल्या मातीत रुततात. मुरूम किंवा खडी दिसेल तिथेच गाडी लावा.

कॅमेरावेडा: फोनमध्ये धबधब्यावरच बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की उजेडाची पट्टी खाली ओढा. काळा कडा थोडा गडद होईल, होऊ द्या. पाण्यातले पदर दिसायला लागतील. कॅमेरा असेल तर एक्सपोजर (फोटोतला उजेड) −0.7 ते −1 वर आणा, शिवाय लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावा, म्हणजे ओल्या खडकाची चमक कमी होते. पोहोचायच्या दहा मिनिटं आधी एसी बंद करा, नाहीतर गार लेन्स बाहेर काढल्याबरोबर वाफ धरते.

घाटमाथा: एक राहिलं. सोबतच्या तरुण मंडळींना धबधब्याखाली किंवा सांडव्याजवळ जाऊ देऊ नका. माथ्यावर पाऊस वाढला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये त्र्यंबकेश्वरजवळ दुगारवाडीला पाणी अचानक वाढूनच पर्यटक अडकले होते.