'हेडीस' पूर्ण केलेल्यांनी लिहा: काय कामी आलं, कुठे अडतं?

धंतोली_कंट्रोलर
राजेहो, 'हेडीस' (पाताळातून पळून जायचा व्हिडिओ गेम) ज्यांचा संपला त्यांच्यासाठी हा धागा. 'भारी गेम आहे' एवढ्यावर कोणी थांबू नका. शस्त्र कोणतं, आरशात (कायमच्या शक्ती विकत घ्यायची जागा) आधी काय घ्यायचं, कुठे आणि काहून मरतो, ते सांगा. गेम २०२० चा असला तरी शेवट फोडू नका.

इतवारीकर
एकदा पाताळातून बाहेर पडलं म्हणजे संपलं, असं समजू नका. नामावली दहाव्या यशस्वी सुटकेनंतर येते. एपिलॉग त्याच्याही पुढे, देवांना नेक्टर (भेट द्यायचं पेय) देत नातं वाढवल्यावर.

सुरुवातीचा सगळा डार्कनेस (खेळताना गोळा होणारं चलन) आरशात घाला. आधी 'ग्रेटर रिफ्लेक्स' (५० डार्कनेस), म्हणजे सलग दोन डॅश (झटकन सरकणं) मिळतात. मग 'डेथ डिफायन्स'. पहिला ३० ला, दुसरा ५०० ला, तिसरा १००० ला. प्रत्येक वेळी मेल्यावर अर्ध्या आयुष्यानं उठवतो. त्याच्या बदल्यात मिळणारा 'स्टबर्न डिफायन्स' दर खोलीत एकदा, पण ३० टक्क्यांवरच उठवतो. लांबच्या रनला (सुटकेच्या एका प्रयत्नाला) तो परवडतो. मोठ्या बॉससमोर मात्र एकच जीव हाती राहतो. आरसा रिकामा करून पुन्हा मांडायला फक्त एक किल्ली लागते, तेव्हा बिनधास्त बदलून पाहा.

सदर_वाला
शस्त्राचा वेग पाहून देवांचं वरदान घ्या, ते रनमध्ये शस्त्राला किंवा डॅशला जास्तीची शक्ती देतं. बरेच जण इथेच चुकतात. मुष्टी किंवा रेल बंदूक भराभर मारते, तिच्यावर झ्यूसची वीज किंवा डायोनिससचं हँगओव्हर (हळूहळू आयुष्य खाणारा परिणाम) ठेवा. ते नुकसान प्रत्येक फटक्याला ठरलेलं असतं, फटके जास्त तेवढा फायदा. हँगओव्हर पाच थरांपर्यंत चढतं. धनुष्य, तलवार यांचा एकेक घाव जड, तिथे टक्क्यांत वाढवणारी ऍफ्रोडाईटी किंवा आर्टेमिस. डॅशवर अथेना मिळाली तर सोडू नका. एलिझियममधले (पाताळाचा तिसरा टप्पा) तिरंदाजांचे बाण उलटे फिरतात. तिला नेक्टर देऊन घुबडाचं पदक घ्या आणि ते घालून रन सुरू करा, पहिलंच वरदान तिचं येतं.

बर्डी_रात्रपाळी
बोटं मंद असतील तर गॉड मोड (सेटिंग्जमधला सोपा पर्याय) लावा, लाज कसली बे? नुकसान २० टक्क्यांनी कमी होतं, पुढे ही सूट दर मृत्यूला २ टक्क्यांनी वाढत ८० पर्यंत जाते. कथा कुठेच कापली जात नाही.

मानेवाडा_मिनोटॉर
थिसियस आणि ॲस्टेरियस, एलिझियमच्या शेवटची बॉसजोडी; ॲस्टेरियस म्हणजे बैल. बहुतेकांचे रन इथेच संपतात, म्हणून सविस्तर लिहितो. थिसियसची ढाल समोरचे घाव अडवते, त्यामुळे समोरून मारत बसणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. आधी बैलाला घ्या, पण थिसियसकडे पाठ करून नको. त्याचं निशाणीचं वर्तुळ तुमच्या पायामागे फिरतं. ते थांबलं की भाला सुटतो, डॅश तेव्हाच. आधीच मारला तर पुढच्या पावलावर भाला बसतो, आणि तो परत जातानाही लागतो, हे कोणी सांगत नाही. बैल धावून आला की त्याच्या रेषेतून बाजूला व्हा. तो थबकतो तेवढ्यात दोन-तीन घाव पुरे, चौथ्याचा मोह नको. बैल पडल्यावर थिसियसच्या सतत पाठीमागे राहा. अर्धं आयुष्य गेलं की तो देवाला हाक मारतो. मग जमिनीवर खुणा उमटतात, तिथून आधी निघा, हल्ला नंतर.

त्याच्या आधीच्या खोल्यांत एक गोष्ट ध्यानात ठेवा: मेलेल्या योद्ध्याचा जीव तिथेच तरंगत राहतो. तो फोडला नाही तर पुन्हा उभा होतो.

अजनी_लोकल
शेवटच्या बॉसच्या कवट्या फुटायच्या आत मारून टाका. तो अदृश्य झाला की एका जागी थांबू नका. आयुष्याची पट्टी संपल्यावर दुसरी भरते, तेव्हा डेथ डिफायन्स पहिल्या पट्टीत उधळू नका.

बाहेर पडल्यावर हीट (स्वतः वाढवायची अवघडपणाची पातळी) एकदम पाच-सहाने वाढवू नका. प्रत्येक शस्त्राला दर पातळीवर टायटन ब्लड (शस्त्र सुधारायची सामग्री) पुन्हा मिळतं, एकेकानेच चढा. नागपूरकरांना हीट शिकवायची गरज नाही म्हणा.

मे महिन्यात लॅपटॉपवर खेळणाऱ्यांनी मागची बाजू उचलून ठेवा, फ्रेम सेकंदाला ६० वर बांधा. कूलरची ओली हवा थेट त्यावर सोडू नका. टीव्हीला जोडत असाल तर गेम मोड लावा, नाहीतर बटण दाबल्यावर डॅश उशिरा होतो आणि दोष बोटांना जातो. लाइट गेली तरी रन बुडत नाही, खोलीत शिरताना सेव्ह होतो; त्याच खोलीच्या दारापासून पुन्हा सुरू.