हर्बर्ट नॉर्मन: आरोपांपलीकडचा इतिहासकार

कॅनडाचे मुत्सद्दी आणि जपानचे इतिहासकार हर्बर्ट नॉर्मन यांच्याविषयीची चर्चा बहुधा अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने उकरून काढलेल्या साम्यवादाच्या आरोपांपाशी आणि १९५७ साली कैरोत त्यांनी केलेल्या आत्महत्येपाशीच थांबते, म्हणून त्यांच्या अभ्यासाविषयी थोडी भर घालतो. मिशनरी कुटुंबातील नॉर्मन १९०९ मध्ये जपानमधील कारुइझावा येथे जन्मले आणि त्यांना जपानी भाषा उत्तम अवगत होती. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी मेइजी राज्याच्या (१८६८ नंतरच्या आधुनिक जपानी राज्याच्या) उभारणीत खालच्या स्तरातील सामुराई (योद्धे) आणि धनिक व्यापारी यांचे साटेलोटे कसे होते, याची चिकित्सा केली. या राज्याने १८७३ मध्ये केलेल्या शेतसारा सुधारणेने जमिनीच्या किमतीच्या ३ टक्के सारा रोखीने भरणे बंधनकारक झाले. पीक बुडाले तरी सारा तेवढाच राहिल्याने आधुनिकीकरणाचा भार शेतकऱ्यांवर पडला, हे त्यांचे विवेचन मला आजही मोलाचे वाटते. पुढे आंदो शोएकी या अठराव्या शतकातील, सरंजामशाहीवर कठोर टीका करणाऱ्या वैद्यावरही त्यांनी तितक्याच आस्थेने लिहिले. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी विद्यापीठांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, हा माझ्या मते मोठाच अन्याय होता. १९७५ मध्ये अमेरिकी इतिहासकार जॉन डॉवर यांनी नॉर्मन यांचे निवडक लेखन दीर्घ प्रस्तावनेसह संपादित केले, तेव्हा कुठे तिथे त्यांच्यावर पुन्हा गांभीर्याने वाद सुरू झाला.