टो-बोटीच्या क्रूझ कंट्रोलला स्पीड सेन्सर कोणता? पॅडलव्हील, पिटॉट की जीपीएस

बॅकवॉटर_टो:
मंडळी, खडकवासल्याला इनबोर्ड टो-बोट (स्कीयर ओढणारी, इंजिन आत असलेली) चालते. थ्रॉटलला सर्व्हो (तो हलवणारी मोटर) आहे, कंट्रोलर घरी बनवलेला. पॅडलव्हील (पाण्याने फिरणारं वेग मोजायचं चाक) आधीपासूनच आहे, पण बॅलास्ट (वजनासाठीचं पाणी) भरला की रीडिंग नाचतं. वेकसर्फला (बोटीच्या लाटेवरचं सर्फिंग) ताशी १७ किमी, स्लॅलमला (बोयांना वळसे घेत स्की) ५८. दोन्हीकडे वेग नीट धरायचाय. पिटॉट (पाण्याच्या दाबावरून वेग मोजणारी नळी) स्वस्तात मिळतोय, घेऊ का? की थेट जीपीएस?

दाबमापक:
सर्फसाठी पिटॉट नकोच. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ५८ ला साधारण १.३ बार मिळतो, १७ ला जेमतेम ०.११. तुम्ही २ बारचा सेन्सर घेणार, म्हणजे १७ आणि १८ मधला फरक ०.०१४ बार. उन्हात तापलेला स्वस्तातला सेन्सर एवढा तर नुसता बसल्या जागी सरकतो. त्यात पावसाळ्याचं गढूळ पाणी. भोकात गाळ बसला की वेग कमी दिसतो आणि कंट्रोलर थ्रॉटल वाढवत सुटतो. पॅडलव्हील अडकलं तरी तेच.

सर्किटवाला:
रीडिंग नाचतंय ते बुडबुड्यांमुळे. बॅलास्टने मागची बाजू बसते, नाक वर येतं, आणि सेन्सर पुढे असेल तर त्याच्याखाली हवा शिरते. तो मागे, कीलजवळ (तळाच्या मधल्या कण्याजवळ) पण प्रॉपच्या (पंख्याच्या) पुढे घ्या. स्ट्रेकच्या (तळावरच्या उभार पट्टीच्या) किंवा इनटेकच्या (पाणी आत घेणाऱ्या भोकाच्या) मागच्या रेषेत नको. जलपर्णीच्या मुळाचा एक धागासुद्धा चाक अडवतो, म्हणून आधी ते हाताने फिरवून बघा.

कोडही तपासा. नॉटिकल मैलाला २०,००० पल्स देणारा सेन्सर १७ किमीला सेकंदाला पन्नासेक पल्स देतो. ०.१ सेकंदात पाचच! पल्स मोजत बसलात तर एका पल्सने २० टक्के उडी. दोन पल्समधला वेळ मोजा आणि चाकाच्या पूर्ण फेरीची सरासरी घ्या, कारण पाती कधीच एकसारखी नसतात.

तरी माझं मत जीपीएसलाच. १० हर्ट्झचं (सेकंदाला दहा वेळा वेग देणारं) मॉड्यूल घ्या, १ हर्ट्झचं या कामाचं नाही. ४८०० बॉडवर (डेटा पाठवण्याच्या वेगावर) मॉड्यूलची सगळी वाक्यं (डेटाच्या ओळी) सेकंदाला दहा वेळा मावत नाहीत. ३८४०० करा, व्हीटीजी (वेग-दिशेचं वाक्य) तेवढं ठेवा, बाकीची बंद. पुरवठा स्वतंत्र रेग्युलेटरवरून द्या, नाहीतर स्टार्टर मारताना व्होल्टेज पडून मॉड्यूल रीसेट होईल.

बॅकवॉटर_टो:
मित्राचं यू-ब्लॉक्स एम८ जीपीएस मॉड्यूल लावून पाहिलं. बोट म्हणून सेटिंगमध्ये ‘सी’ (समुद्र) मॉडेल निवडलं, तर धरणावर फिक्स (उपग्रहांवरून जागेची निश्चिती) टिकत नाही. घराच्या गच्चीवरही तेच. अँटेना बोटीवरच्या टॉवरच्या पाइपाखाली आहे, त्यामुळे असेल का?

सर्किटवाला:
अँटेना वर घ्याच, पण गोम मॉडेलमध्ये आहे. ‘सी’ समुद्रसपाटी धरून चालतं, त्याची उंचीची मर्यादा ५०० मीटर. खडकवासला ५८० च्या आसपास, पुण्यातली गच्चीही ५०० च्या वरच. ‘पोर्टेबल’ लावा. आणि बदल सेव्ह करा, नाहीतर बॅटरी काढली की पुन्हा जुनं.

दाबमापक:
जीपीएस जमिनीवरचा वेग देतं, पाण्यावरचा नाही. पानशेत-वरसगाव या वरच्या धरणांचा विसर्ग चालू असताना वरच्या टोकाला फरक पडेल. एरवी साचलेलं पाणी, काही अडत नाही. पडताळायला स्लॅलमचा २५९ मीटरचा कोर्स दोन्ही दिशांनी घ्या. ५८ ला १६.०८ सेकंद यायला हवेत.

स्कीयरच्या ओढीला फक्त जीपीएसवर उत्तर देऊ नका, ते उशिरा येतं. आतला लूप (नियंत्रणाचं चक्र) आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा), त्याचं लक्ष्य जीपीएसने हळूहळू सरकवायचं. फिक्स गेला तर आरपीएम दोन सेकंद आहे तसा धरून मग थ्रॉटल उतरवा, वाढवू कधीच नका. लिव्हर मागे खेचला की सर्व्हो सुटलाच पाहिजे, आणि हे आधी धक्क्याला बांधून, न्यूट्रलमध्ये तपासा.