गुऱ्हाळाची वाफ, जुनी हेलिओस आणि "फोकस गेलाय की ओ!"

चिपाडधूर (निपाणी)

जानेवारीत एका गुऱ्हाळावर सकाळी सातला पोचलो. काहिलीतनं वाफ, तिच्यामागनं तिरकं ऊन, गुळव्या (गूळ शिजवणारा) झाऱ्यानं मळी काढतोय. कॅमेऱ्यावर हेलिओस ४४-२ ही जुनी रशियन लेन्स होती, ५८ मिमी, पूर्ण उघडी म्हणजे एफ/२ वर. प्रिंट काढून चार मित्रांना दाखवला. पहिलं वाक्य काय? "फोकस गेलाय की ओ!"

फोकस जाग्यावर आहे. गुळव्याच्या भुवईवर अडकलेले घामाचे थेंब मोजून घ्या. त्या थेंबांवर फिकट उजेडाची साय चढलीय, ती काचेची करणी. लेन्स उघडी असली की कडेनं येणारे किरण मधल्या किरणांच्या जरा अलीकडंच एकत्र येतात. म्हणून एक धारदार प्रतिमा आणि तिच्यावर एक पुसट, अशा दोन एकावर एक पडतात. लेन्सचं भोक लहान करून एफ/४ केलं की कडेचे किरण अडतात, साय निघून जाते. शिवाय काचेवरचं, चकाकी अडवणारं कोटिंग जुन्या पद्धतीचं, एकेरी. समोरनं ऊन आलं की उजेड आतल्या आत फिरतो आणि सावल्या राखाडी होतात. गुऱ्हाळात नाहीतरी काळंभोर काही नसतंच, सगळं धुरकट. तोच प्रसंग नव्या लेन्सनं काढला तर साखर कारखान्याच्या वार्षिक अहवालातला वाटला.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्या भागाचा उजेड टिपायला ही जुनी काच जास्त प्रामाणिक आहे. बोला.

खडेबाजार शटर (बेळगाव)

बोलतो. "फोकस गेलाय" म्हणणारा मीच. आधी "प्रामाणिक" हा शब्द मागं घ्या. जर्मन झाईस कंपनीच्या बायोटार लेन्सवरनं बेतलेली ही रशियन लेन्स झेनिट कॅमेऱ्यांसोबत लाखांनी खपली, तिला निपाणीचा उजेड काय ठाऊक? तिचे दोष तुम्हाला गोड लागतात, लागूदेत. खरं दोषाला दोष म्हणा.

मी लग्नं करतो. एक मीटरवरनं एफ/२ ला फोकसची खोली, म्हणजे धारदार दिसणारा पट्टा, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. अक्षता पडताना नवरी मान हलवणार आणि मी रिंग फिरवत बसणार. नाक धरलं, डोळे गेले. आणि ते भोवऱ्यासारखं फिरणारं बॅकग्राउंड! गेल्या सीझनला तीन प्री-वेडिंग बघितली, तिन्हींत राजहंसगडाच्या पायथ्याची झाडं गरगरतायत. जोडपी कुठली ते विचारू नका, झाडंच आठवतात.

मऊपणा हवाय तर धारदार काढा, नंतर कॉम्प्युटरवर मऊ करा. मऊ काढलेलं नंतर धारदार होत नाही.

चिपाडधूर

लग्नात वापरा असं मी म्हटलंय कुठं ओ? अक्षतांना मीसुद्धा ऑटोफोकसच लावीन. खरं ते "नंतर मऊ करा" पटत नाही. स्लायडर सगळ्या फोटोला सारखंच पीठ लावतो. काचेची साय चकाकीजवळ दाट असते, आणि फोकसच्या पुढं एक वागते, मागं दुसरं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती काढतानाच दिसते. ती बघूनच मी त्या दिवशी दोन पावलं डावीकडं सरकलो. घरी खुर्चीत बसून ती दोन पावलं कशी सरकणार?

कणकुंबीकर

"आपल्या भागाचा उजेड" म्हणताय, तो एकच आहे का? जून ते सप्टेंबरमध्ये आमच्याकडं या, चोर्ला घाटाच्या बाजूला. धुकं असं की पन्नास पावलांवरची म्हैस आवाजावरनं ओळखायची. पहिल्या पावसाळ्यात मी जुनी टाकुमार (पेंटॅक्सची जपानी लेन्स) घेऊन हिंडलो. धुक्यानं आधीच कॉन्ट्रास्ट खाल्लेला, उरलासुरला लेन्सनं खाल्ला. घरी येऊन बघतो तर नुसतं पातळ ताक. धुक्याला धारदार काच पाहिजे, म्हणजे भिजलेल्या फांदीची रेघ तरी काळी राहते. तुमची जुनी लेन्स मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात बाहेर काढा. हलशीच्या देवळात भर दुपारी, बाहेर डोळे दिपतात आणि आत अंधार, तिथं खांबांच्या सावल्या तिच्यानं जरा सैल पडतात.

आणि बुरशीचं कुणी नावच काढेना! माझी टाकुमार पावसाळाभर चामड्याच्या केसमध्ये कपाटात राहिली. गणपतीत काढली, टॉर्च मारून बघितलं तर आत कोळ्याचं जाळं. बुरशीतलं आम्ल कोटिंग खातं, पुसलं तरी खूण राहते. आता हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये. चामड्याची केस टाकून दिली, ती ओल धरते.

वडगावची

कणकुंबीकर, टाकुमार ५० मिमी एफ/१.४ आहे का? तिच्यातल्या बऱ्याच लेन्सच्या काचेत थोरियम असतं, वर्षानुवर्षांनी काच कोऱ्या चहासारखी पिवळी पडते. माझी तशीच होती. आमच्या घरी माग आहेत, व्यापाऱ्याला साडीचे फोटो पाठवायला तीच लेन्स लावली आणि जांभळी साडी तपकिरी झाली. त्यानं परत फोन करून "कुठल्या लॉटमधली ही?" असं विचारलं. मग लेन्स कितीतरी दिवस खिडकीत उन्हाला ठेवली, तेव्हा पिवळेपणा बराच उतरला. तरी साडीला आता नवीच लेन्स. धागा मोजता आला पाहिजे.

खरं आजी कांड्या भरत बसते, तेव्हा मी हेलिओसच लावते. हातावरच्या सुरकुत्या नव्या लेन्समध्ये भांडल्यासारख्या दिसतात. तो फोटो आजीला दाखवला. तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग फोटो पुसला.

चिपाडधूरदादा, तुम्ही गुळव्याला दाखवला का?

जुना स्टुडिओवाला (शहापूर)

पोरांनो, पस्तीस वर्षं स्टुडिओ चालवला. झेनिट होता माझ्याकडं, कारण निकॉन परवडत नव्हता. त्या लेन्सला मी एफ/५.६ पेक्षा जास्त कधी उघडलं नाही, मऊ फोटोला गिऱ्हाईक पैसे देत नसे. आमच्या नडीला आता तुम्ही स्टाइल म्हणताय. हसू येतं, राग नाही.

मऊपणा आम्हीही करत होतो, खरं मागणीप्रमाणं. नायलॉनचा पायमोजा ताणून धरायचा. कॅमेऱ्यापुढं धरला की उजेड सावलीत उतरतो, एनलार्जरखाली (निगेटिव्हवरनं मोठा प्रिंट काढायचं यंत्र) धरला की सावली उजेडात उतरते. बायकांच्या फोटोला पहिला प्रकार. दुसऱ्यानं चेहऱ्यावर काजळी धरते.

आणि त्या हेलिओसला भोक लहानमोठं करायच्या दोन रिंगा आहेत ना? टिकटिक करणारी ४ वर ठेवा. मग गुळगुळीत फिरणारी २ ते ४ मध्ये कुठंही थांबते. २.८ च्या आसपास साय पातळ होते आणि डोळे सापडतात. ४९ मिमीचा रबरी हूडही लावा की, ऊन समोर असलं म्हणून सगळंच आत घ्यायचं नसतं.

खडेबाजार शटर

काकांना नमस्कार. चिपाडधूर, एक कबूल करतो. तुमचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, म्हणून कडेचा भोवरा बराचसा कापला गेला. त्यामुळंच तो फोटो मला त्यातल्या त्यात बघवला. "प्रामाणिक" मात्र अजून मागं घेतलेलं नाही तुम्ही.

चिपाडधूर

नाही घेत. कणकुंबीकरांचं धुक्याचं खरं आहे. वाफेत लेन्स चालली ती मागनं ऊन होतं म्हणून, ढगाळ दिवस असता तर माझंही ताकच झालं असतं.

वडगावच्या ताई, काल प्रिंट घेऊन गेलो होतो. गुळव्यानं हात पुसून तो धरला, बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "आमचा जळव्या कुठाय?"

मी म्हटलं, आहे की मागं, वाफेत.

"वाफेत कशाला असेल? तो चुलवाणापाशी चिपाडं घालत असतो."

रविवारी परत जातोय, चुलवाणाच्या बाजूनं. पिशवीत दोन्ही लेन्स टाकल्यात. हूड काकांकडनंच नेतो.